माझ्या हाताचा सॅक्सोफोन

"याच्यावर आता आणखी पैसे घालू नका," मिस्त्री म्हणाले.

मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या एका गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक वाइस आणि भिंतीला टांगलेले बिनकळांचे क्लॅरिनेट. त्यांनी दिवा घालवला, सॅक्सोफोनच्या नळीत एक लांब वायरचा छोटा बल्ब सोडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. एकेक कळ दाबली की गादीच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ दिसायची. जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवाही बाहेर जाते. अब्बांच्या सॅक्सोफोनमधून सात-आठ जागी उजेड बाहेर येत होता.

"गाद्या बदलता येतील," ते म्हणाले, "पण नळीच जराशी वाकली आहे. भोकांचे काठ समपातळीत नाहीत. नव्या गाद्या घातल्या तरी सहा महिन्यांत परत याल. आणि या बनावटीचे सुटे भाग आता मिळत नाहीत."

मी पिशवी बंद केली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "तुमच्या वालिदचा होता ना?" एवढंच विचारलं.

हो, अब्बांचा होता. त्यांनी तो एका गोव्याच्या वादकाकडून जुना विकत घेतला होता, माझ्या जन्माच्या आधी. बेलवर कोरलेलं नाव पॉलिश करून करून पुसलं गेलं होतं. कोणत्या कंपनीचा हे आम्हाला कधीच कळलं नाही. अब्बा म्हणायचे, बाज्याला नाव वाजवणाऱ्यानं द्यायचं असतं.

मिरजेत आमचा बँड होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. लग्नाच्या वराती, गणपतीचं विसर्जन, उरुसाचा संदल, ईद-ए-मिलादचा जुलूस, कुणाच्या निवडणुकीची मिरवणूक. बोलावलं की जायचं. वाजवणारे बहुतेक आपल्यातले, नाचणारे सगळ्यांतले. आज ते लाल कोट कुणाच्या माळ्यावर आहेत ते मलाही माहीत नाही. डीजेच्या भिंती आल्या आणि बारा माणसांच्या फुंकरीला कुणी विचारेना. अब्बांनी बँड बंद केला तेव्हा मी शिक्षकाच्या नोकरीला लागलो होतो. पण सॅक्सोफोन सुटला नाही. संध्याकाळी खोलीचं दार लावून मी वाजवत राहिलो, कधी एखाद्या ऑर्केस्ट्रात, कधी शाळेच्या गॅदरिंगमध्ये. अब्बा गेल्यावर तो बाजा रीतसर माझा झाला, आणि तीन वर्षांत बसलाही.

सॅक्सोफोन हे वाद्य तसं उशिरा जन्मलेलं. सतार, सारंगी, सनईच्या मानानं तर अगदीच कालचं पोर. अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं ते बनवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडसाठी ते लवकरच वापरात आलं, आणि आपल्याकडे आधी पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमध्ये दिसलं ते याच वाटेनं. अंग पितळेचं असलं तरी जात लाकडी वाद्यांची, कारण आवाज निघतो तो वेताच्या पातळ पत्तीतून. अब्बा 'रीड' म्हणत नसत, 'पत्ती' म्हणत. पत्ती ओठांत धरायची, फुंकायचं, ती थरथरते आणि पुढं रुंद होत जाणारी नळी त्या थरथरीचा सूर करते.

अब्बांनी मला शिकवलं ते पेटीच्या भाषेत. अल्टो सॅक्सोफोनवर ज्याला 'सी' म्हणतात तो वाजवला की पेटीवर काळी दोनचा सूर येतो. टेनरवर तोच 'सी' काळी पाच देतो. "कागदावर काय लिहिलंय ते विसर. कान काळी दोनवर ठेव," असं ते म्हणायचे. मला आजही सरगम दिसते ती अशीच. 'सी' म्हणजे सा.

आता माझ्या बोटाविषयी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या बोटाची आहे. मी अकरा वर्षांचा असताना बँडच्या टेम्पोचं फळकुट माझ्या डाव्या हातावर पडलं. करंगळी मोडली. हाड जुळलं पण वाकडं जुळलं, आणि शेवटचं पेर पूर्ण सरळ होत नाही. लिहायला, जेवायला काही अडत नाही. सॅक्सोफोनवर मात्र डाव्या करंगळीकडे चार कळा असतात. त्यातली सर्वात जास्त लागणारी 'जी शार्प'ची. 'सी' हा सा धरला की ती कळ म्हणजे कोमल धैवत. मंद्रातला कोमल रिषभही त्याच करंगळीकडे. ज्यांना थोडंफार गाणं कळतं ते लगेच ओळखतील की याचा अर्थ काय. भैरवात कोमल रे आणि कोमल ध, दोन्ही लागतात. भैरवीत तर पूर्ण कुटुंबच कोमल. म्हणजे फजरच्या वेळेचा राग आणि वरातीच्या शेवटचा राग, दोन्हींची किल्ली माझ्या वाकड्या करंगळीत.

अब्बांच्या त्या जुन्या बाज्याची करंगळीकडची फळी आखूड आणि सरळ होती आणि स्प्रिंग घट्ट. माझं बोट तिथं वेळेवर पोचायचंच नाही. मग मी वाटा शोधल्या. भैरवी मी 'डी'वरून धरायचो, म्हणजे पांढरी चारमध्ये. तिथं कोमल धैवत डाव्या पहिल्या बोटाखाली येतो आणि कोमल रिषभ उजव्या करंगळीखाली, जी माझी चांगली आहे. भैरव वाजवायचोच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, मला यमन, मारवा असे संध्याकाळचे राग जास्त भावतात. लोक म्हणायचे, याची स्वतःची एक शैली आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मुंबईहून परत आल्यावर मी घरात विषय काढला की नवा सॅक्सोफोन घ्यायचा आहे. बायकोनं फक्त एकच प्रश्न विचारला, "किती?" आकडा ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मुलीच्या फीनंतर बघू." याला आमच्या घरात होकार म्हणतात.

भाईचं तसं नव्हतं. माझे मोठे भाऊ तरुणपणी याच बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. गेली वीस वर्षं ते जमातीबरोबर जातात, पाच वेळची नमाज मशिदीत, आणि गाणं-बजावणं त्यांनी सोडलं आहे. माझ्याशी या विषयावर ते कधी भांडले नव्हते. या वेळी मात्र बोलले.

"अब्बांचा होता म्हणून मी इतकी वर्षं काही बोललो नाही. तो आपोआप बंद पडला, तर समज इशारा आहे. एवढ्या पैशात कुणाचं भलं होईल याचा विचार कर."

"भाई, तुम्ही म्हणता ते मला कळतं," मी म्हणालो. पुढं काय बोलावं ते सुचलं नाही.

मी आलिम नाही. संगीताविषयी आपल्या उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा फार मोठी माणसं आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, एक पूर्ण भाग लिहिला आणि कुठं परवानगी, कुठं मनाई याचा काथ्याकूट केला. त्याला कडाडून विरोध करणारेही मोठेच होते. मला एवढंच माहीत आहे की मी ज्या गावात राहतो तिथं ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. दरवर्षी त्यांच्या आठवणीत तिथं गाणं होतं, आणि गावोगावचे कलाकार हजेरी लावायला येतात. अब्बा पांढरा कुर्ता घालून मागच्या रांगेत बसायचे. बँडवाल्याला पुढं बसायचा हक्क नाही असं त्यांना वाटायचं. घरी परत येताना मात्र रस्ताभर ऐकलेली एखादी जागा ते ओठांतल्या ओठांत घोळवायचे. माझ्यासाठी दलील तेवढीच आहे, आणि ती भाईंच्या पुढं ठेवण्यासारखी नाही हे मला माहीत आहे.

फी भरून झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीचा निघालो. सकाळी सीएसएमटीला उतरून चहा घेतला आणि धोबी तलावापर्यंत चालत गेलो. पिशवीत फक्त एक वस्तू होती, अब्बांचा माउथपीस.

नवा सॅक्सोफोन घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आता हाच सल्ला देईन. दुकानातल्या माउथपीसवर वाजवून बघू नका, स्वतःचा घेऊन जा, पत्त्याही स्वतःच्या घेऊन जा. नाहीतर आपण बाजा ऐकत नाही, दुसऱ्याचं तोंड ऐकतो. अब्बांचा माउथपीस काळ्या एबोनाइटचा, आत पोकळी मोठी, त्यामुळे आवाज गोल आणि किंचित झाकलेला. वरच्या बाजूला, जिथं पुढचे दात टेकतात, तिथं दोन खळगे पडलेले. ते अब्बांच्या दातांचे. तीस वर्षं माझे दात त्याच खळग्यांत टेकत आले.

पहिला बाजा दुकानातल्या मुलानं काढला तो चीनमध्ये बनलेला, आरशासारखा चकचकीत. किंमत पस्तीस हजार. मुलगा प्रामाणिक होता. "सर, शिकायला ठीक आहे. पण कळा मऊ धातूच्या आहेत, लवकर वाकतात," असं त्यानं आधीच सांगितलं. मी अब्बांचा माउथपीस लावला. खालचा सा पेटीला जुळवला आणि वरचा सा घेतला तर तो चढलेला. वरचा जुळवला तर खालचा उतरला. माउथपीसची पोकळी आणि नळी यांचं जमलं नाही की असं होतं. दोन चांगल्या माणसांचं लग्न लावलं आणि जमलं नाही, तसं. मी तो बाजूला ठेवला.

दुसरा एक जुना सेल्मर होता, कुणीतरी विकायला ठेवलेला. मार्क सिक्स. हे नाव सॅक्सोफोनवाल्यांमध्ये पिराच्या नावासारखं घेतलं जातं. १९५४ साली हा फ्रेंच बाजा आला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. त्याच्या कळांची मांडणी पुढच्या बहुतेक कंपन्यांनी कमी-जास्त प्रमाणात उचलली. किंमत साडेचार लाख. मुलानं तो माझ्या हातात दिला तो केवळ मोठेपणानं. मी फुंकला आणि डोळ्यांत पाणी आलं. अब्बांचा माउथपीस त्याच्यावर असा बसला की जणू घरी परत आला. सा ते सा अगदी नेमका, आवाजात तीच मऊ राख. पाच मिनिटं वाजवला, फडक्यानं पुसला आणि परत दिला.

तिसरा यामाहा. वायएएस-२८०, विद्यार्थ्यांसाठीचा समजला जातो. किंमत लाखाच्या पुढं, पण माझ्या आवाक्यात जेमतेम बसणारी. त्याच्याविषयी ऐकलं होतं की सूर पक्का पण आवाजाला चेहरा नाही. फुंकला तर खरंच तसं वाटलं. स्वच्छ, सभ्य, सरकारी कार्यालयातल्या नव्या भिंतीसारखा. अब्बांच्या माउथपीसवर वरचे सूर थोडे चढत होते, ओठ सैल करून खाली आणावे लागत होते. मी निराश झालो. मनात हिशोब सुरू झाला की साडेचार लाखांचं कर्ज शिक्षकाला कोण देईल.

तेव्हा त्या मुलानं एक गोष्ट केली. "सर, तुम्ही पाठ करून उभे राहा. मी फोनवर रेकॉर्ड करतो. तिन्हींवर तेच चार सूर वाजवा, मग ऐका."

मी तिन्हींवर तीच एक लकेर वाजवली, काळी दोनमध्ये, यमनची. मग त्यानं उलटसुलट क्रमानं ऐकवलं आणि विचारलं, कोणता कोणता. मी पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदाही चुकलो. ज्याला मी सेल्मर म्हणालो तो यामाहा होता. चिनी बाजा तेवढा बेसूरपणामुळे ओळखू आला.

म्हणजे वाजवताना कवटीच्या हाडांतून मला जो फरक ऐकू येत होता, तो समोर बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हता. फोनमध्ये तिन्हींतून एकच माणूस वाजवत होता. मीच. आवाजाचा मोठा भाग माउथपीस, पत्ती, ओठ, घसा आणि छाती यांतून येतो. बाजाचं काम वेगळं आहे. त्यानं सूर पक्का द्यायचा, हवा गळू द्यायची नाही आणि हाताच्या आड यायचं नाही.

हाताच्या आड! हा विचार येताच मी परत यामाहा घेतला आणि या वेळी आवाज ऐकायचा सोडून बोटांकडे लक्ष दिलं. डाव्या करंगळीखालची फळी बोटाच्या दिशेनं उतरती होती. एका कळीवरून दुसरीवर करंगळी उचलावी लागत नव्हती, सरकत होती. स्प्रिंग हलकी. मी सा घेतला, पंचम घेतला आणि इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. 'सी'वरून कोमल धैवत घेतला, पंचमावरून हळूच, भैरवातला असतो तसा झुलवत. बोट पोचलं. परत घेतला. परत पोचलं. वाकडंच, पण वेळेवर.

दुकानात ट्यूब लाइट होती, बाहेर बसचे हॉर्न होते, आणि मी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या बोटाला पहिल्यांदा भैरव वाजवताना बघत होतो. मला एकदम राग आला, स्वतःचाच. तीस वर्षं मी ज्याला माझी शैली म्हणत होतो, त्यातला अर्धा भाग एका घट्ट स्प्रिंगनं ठरवला होता.

कद्री गोपालनाथांची गोष्ट मी आधी वाचली होती, अर्थ त्या दिवशी कळला. मंगळुरूकडचा हा माणूस, वडील नादस्वरम वाजवणारे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यानं सॅक्सोफोन पाहिला आणि ठरवलं की कर्नाटक संगीत यावरच वाजवायचं. गमक त्या बाज्यात बसेना तेव्हा त्यानं गमक सोडली नाही, बाज्यात फेरफार करून घेतले. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये त्याचं वादन झालं. मी उलटं केलं होतं. बाजा तसाच ठेवला आणि राग सोडून दिला.

यामाहा घेतला. मिरजेला परतताना रात्रभर केस पायाशी नव्हे, कुशीत घेऊन झोपलो.

पण माउथपीसचा प्रश्न उरला होता. घरी महिनाभर मी अब्बांचाच लावून वाजवला. ओठांनी सूर खाली ओढायचो, पाऊण तासानं जबडा दुखायचा. शेवटी एक नवा मागवला, एबोनाइटचाच, मध्यम पोकळीचा, आणि त्याला अडीच नंबरची पत्ती लावली. मींड घ्यायची तर पत्ती फार कडक चालत नाही आणि तोंडही थोडं उघडं लागतं, नाहीतर सूर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो, घसरत नाही. नव्या माउथपीसवर खालचा सा आणि वरचा सा एका रेषेत आले. फक्त दात टेकतात तिथं काही नव्हतं. गुळगुळीत. पहिल्या दिवशी माझे दात खळगे शोधत राहिले.

अब्बांचा आवाज गेला असं मला वाटलं होतं. मग एका रात्री मी शांतपणे आठवायचा प्रयत्न केला की अब्बांचा आवाज म्हणजे नक्की काय होतं. ते मनोहारी सिंगांचे भक्त होते. कलकत्त्याहून १९५८च्या सुमारास मुंबईला आलेला हा वादक पुढं हिंदी चित्रपटसंगीतातला सॅक्सोफोनचा आवाजच होऊन बसला. १९६९च्या 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मधला सॅक्सोफोन त्यांचा. १९६८ साली शंकर-जयकिशननी रागांवर जॅझ पद्धतीनं जी तबकडी काढली, त्यात सतारीवर रईस खाँ आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग होते. वरातीत पोरं 'रूप तेरा'ची फर्माईश करायची आणि अब्बा वाजवायचे. मला मात्र रेडिओजवळ बसवून सांगायचे, "सूर धरतो कसा ते सगळेच ऐकतात. तू तो सूर सोडतो कसा ते ऐक."

अब्बा सूर असा सोडायचे की शेवटी फक्त श्वास उरायचा. ते माउथपीसमध्ये नव्हतं. नव्या बाज्यावर, नव्या माउथपीसवर मी एक सूर धरला आणि त्यांच्यासारखा सोडला. आला.

पत्तीचा वेत दक्षिण फ्रान्समधल्या व्हार प्रांतात पिकतो. त्याच जातीच्या वेतापासून नेय, म्हणजे सुफींची बासरी बनते. मौलाना रूमींची मसनवी सुरू होते ती वनातून तोडलेल्या त्या वेताच्या तक्रारीनं. मी नवी पत्ती ओठांत भिजवताना कधी कधी हे आठवतो. माउथपीस बदलतो, बाजा बदलतो, वेताची तक्रार तीच राहते.

या सगळ्यात एक गोष्ट उरली होती आणि ती मला मागच्या महिन्यात कळली.

आमच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले चाचा आता पंचाहत्तरीला आले आहेत. दमा आहे, वाजवणं बंद आहे. नवा बाजा दाखवायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी केस उघडायला लावली, कळांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काहीतरी ऐकव." मी भैरवी धरली. 'सी'वरून.

चाचा मधेच हसायला लागले. मी थांबलो.

"काळी दोनमध्ये?" ते म्हणाले. "आता? इतक्या वर्षांनी?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. माझी करंगळी मोडायच्या आधी आमचा सगळा बँड भैरवी काळी दोनमध्येच वाजवायचा. रुखसतीची सगळी गाणी त्याच पट्टीत बसवलेली होती, ट्रंपेटची, क्लॅरिनेटची, युफोनियमची. मी पंधराव्या वर्षी बँडमध्ये आलो तेव्हा अब्बांनी एक दिवस सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की आजपासून भैरवी पांढरी चारमध्ये. कारण विचारलं तर म्हणाले, रस्त्यावर त्या पट्टीत ट्रंपेट जास्त उठून दिसतो. कानानं शिकलेली बारा माणसं, त्यांना सगळी गाणी नव्यानं बोटांत बसवावी लागली. लग्नाचा मोसम तोंडावर होता. चाचा म्हणाले, आम्ही महिनाभर तुझ्या बापाला शिव्या घातल्या.

"आम्हाला सगळ्यांना माहीत होतं रे," ते म्हणाले. "तुझ्या बोटासाठी. कुणी बोललं नाही. तू मनाला लावून घेशील म्हणून त्यांनी कसम घातली होती."

मला वाटायचं की वाटा मी शोधल्या. माझ्यासाठी 'डी'ची वाट आधीच साफ करून ठेवली होती, आणि ती मला माझीच वाटावी अशी ठेवली होती. हाताला जमणारा बाजा शोधायला मी मुंबईपर्यंत गेलो. अब्बांकडे बाजा बदलायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बँड बदलला.

चाचांकडून निघताना मी नीट बोलू शकलो नाही. सलाम करून उतरलो.

जुना सॅक्सोफोन मी भंगारात देणार नव्हतोच, पण ठेवायचा कुठं हाही प्रश्न होता. आमचं घर दोन खोल्यांचं. भाईंना फोनवर सांगितलं की एका ओळखीच्या दुकानदाराला शोभेसाठी हवा आहे, देऊन टाकतो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अस्रनंतर आले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "माझ्याकडे कपाटावर जागा आहे." मी अब्बांचा माउथपीसही त्या पिशवीत ठेवला. त्यांनी तो बाहेर काढला, अंगठ्यानं खळग्यांवरून एकदा फिरवलं आणि परत ठेवला.

पैशाविषयी ते अजूनही माझ्यावर नाराज आहेत. मत त्यांचं बदललेलं नाही, आणि ते बदलावं अशी माझी अपेक्षाही नाही. ते माझ्यासाठी दुआ करतात हे मला माहीत आहे. कशासाठी करतात तेही माहीत आहे.

गेल्या शुक्रवारी मगरिबनंतर मी खोलीत वाजवत होतो. काळी दोनची भैरवी, अजून करंगळी कधी कधी उशीर करते. संपवून दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर भाईंच्या चपला होत्या आणि ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. किती वेळ बसले होते ते मी विचारलं नाही.

"चहा टाकायला सांग," ते म्हणाले. "आणि मुलीच्या कॉलेजचं काय ठरलं?"